सोबतीचा परवाना आणि घरबसल्या नोकरी

आपल्या समाजातील मुले-मुली आता परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर जातो, कोणी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, तर कोणी कंपनीच्या नेमणुकीवर. जाणाऱ्याचा सत्कार होतो, त्याच्या प्रवेशाची व तिकिटाची चर्चा होते. परंतु त्याच्या मागोमाग जाणाऱ्या जोडीदाराचे काय होते, याची चर्चा सहसा होत नाही. ही जोडीदार पुष्कळदा शिकलेली असते, स्वतःच्या पायावर उभी असते आणि तिच्या पगारावर माहेरचे किंवा सासरचे एखादे कर्जही चालू असते. प्रस्तुत लेख तिच्यासाठी आहे. पत्नीच्या नोकरीमुळे सोबत जाणाऱ्या पतीलाही यातील प्रत्येक गोष्ट तशीच लागू आहे.

आम्ही बँकेत काम करतो. परदेशी निघालेल्या मंडळींचे खात्याविषयीचे प्रश्न आमच्या टेबलावर नेहमी येतात. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे. "साहेब, मिस्टरांना जर्मनीत नोकरी लागली. मी त्यांच्याबरोबर जाते आहे. पण माझी पुण्याची कंपनी म्हणते, लॅपटॉप घेऊन जा आणि तिथूनच काम कर. पगार इथल्याच खात्यात येईल. मग काही अडचण नाही ना?" प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात चार वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या कार्यालयात मिळते. जर्मनीचे उदाहरण घेऊन ते आपण क्रमाने पाहू.

मूळ सूत्र

सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. पगार कोठून येतो, याला येथे फारसे महत्त्व नाही. काम करणारी व्यक्ती कोठे बसून काम करते, यावर बहुतेक सर्व ठरते. कंपनी पुण्याची, पगार रुपयांत, खाते आपल्या शाखेत आणि साहेबही पुण्यातच असले, तरी बाई म्युनिकच्या घरी टेबलाशी बसून काम करीत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते काम जर्मनीत झाले. आपल्याला जी कंपनी घरची वाटते, ती जर्मनीच्या दृष्टीने परदेशी मालक ठरते. हे सूत्र ध्यानात आले की पुढचा गोंधळ निम्मा कमी होतो.

पहिला प्रश्न : काम करण्याची परवानगी आहे काय?

जर्मनीत पती किंवा पत्नीसोबत राहण्यासाठी जो रहिवास परवाना मिळतो, तो या बाबतीत उदार आहे. तो असणाऱ्याला नोकरी करता येते आणि स्वतंत्र व्यवसायही करता येतो. पूर्वी ही मोकळीक प्रत्येक प्रकारच्या परवान्यासाठी वेगवेगळी ठरत असे. मार्च २०२० पासून तेथील कायद्याने नियमच असा केला की, मनाई केलेली नसेल तर रहिवास परवान्यावर काम करता येते. परवान्याच्या कार्डावर किंवा त्याच्या पुरवणी कागदावर 'एरवेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट' अशी नोंद असते. 'अर्थार्जनास परवानगी आहे' असा तिचा अर्थ. ही ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. येथून जाताना पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवितात, त्यावरही काम करण्याविषयी नोंद असते. कार्ड हाती येण्यापूर्वीच काम सुरू करावयाचे असेल, तर ती नोंद तपासावी.

पुष्कळ जणांचे वाचन येथेच थांबते. परवानगी आहे, म्हणजे सगळे झाले असे ते समजतात. वस्तुतः येथे फक्त पहिले दार उघडलेले असते.

दुसरा प्रश्न : कर कोणाला द्यायचा?

जर्मनीत घर करून राहणारा माणूस आपल्या जगभरच्या उत्पन्नावर तेथे कर देण्यास बांधील असतो. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यानंतर ११ आकडी कर क्रमांक टपालाने घरी येतो. आपल्याकडील पॅनसारखाच हा क्रमांक जन्मभर टिकतो.

भारत आणि जर्मनी यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तो १९९५ साली झाला आणि १९९६ साली अमलात आला. त्यातील पगाराविषयीचे कलम आपल्या सूत्राशी जुळते. ज्या देशाचे आपण रहिवासी, त्याच देशात पगारावर कर लागतो, काम दुसऱ्या देशात जाऊन केले असेल तरच त्या दुसऱ्या देशाचा हक्क येतो. आपली बाई जर्मनीची रहिवासी झाली आणि कामही तेथेच करू लागली, तर तिच्या पुण्याच्या पगारावर कर घेण्याचा हक्क जर्मनीचा आहे.

व्यवहारात मात्र उलटेच घडते. पुण्याच्या कंपनीचा लेखा विभाग जुन्या सवयीने दरमहा टी.डी.एस. कापत राहतो. बाईला वाटते, कर तर भरला जात आहे. वर्षाअखेरीस जर्मनीचे कर कार्यालय, ज्याला तेथे 'फिनान्त्सआम्ट' म्हणतात, त्याच उत्पन्नावर कर मागते. भारतात कापलेली रक्कम तेथे वजा करून मिळेल या भरवशावर राहू नये, कारण करारानुसार ती भारताने घ्यावयाचीच नव्हती. मग भारतात विवरणपत्र भरून परतावा मागत बसावे लागते. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे जर्मन कर कार्यालयाकडून रहिवासी असल्याचे प्रमाणपत्र घेणे, ते कंपनीच्या लेखा विभागाला देणे आणि येथील चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्याने कपात थांबविणे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, जर्मनीतील मालक पगारातून कर कापून भरतो, पण ज्या परदेशी मालकाचे तेथे कार्यालय नाही तो असा कर कापत नाही. त्यामुळे विवरणपत्र स्वतः भरावे लागते आणि कर कार्यालय आगाऊ हप्ते बसवू शकते. हे हप्ते १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबर या तारखांना भरावयाचे असतात. दोन, पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरतात तेव्हा दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते. २०२५ साली एका व्यक्तीसाठी १२,०९६ युरोपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते, जोडप्यासाठी त्याच्या दुप्पट. पतीचा पगार चांगला असेल तर ही मर्यादा त्याच्याच पगाराने भरून जाते. मग पत्नीचा रुपयांतील पगार लहान असला तरी त्यावर पहिल्या रुपयापासून कर पडल्यासारखे होते. दर महिन्याला काही रक्कम या करासाठी बाजूला काढून ठेवावी, असे आमचे सांगणे आहे.

आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, तर जर्मनीचे जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे स्थलांतराच्या वर्षाचा हिशेब किचकट होतो. त्या एका वर्षापुरता तरी जाणकाराचा सल्ला पैसे देऊन घ्यावा.

तिसरा प्रश्न : विमा आणि निवृत्तिवेतन

या बाबीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि नंतरचे मोठे नुकसानही येथेच होते. जर्मनीत नोकरदाराला आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी, शुश्रूषा व अपघात असे विमे सक्तीचे आहेत. निवृत्तिवेतनाची वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के आहे आणि आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के, वर थोडी जादा वर्गणी. या वर्गण्यांचा निम्मा भार मालकाने उचलावयाचा असतो. मालक परदेशी आहे म्हणून हे बंधन सुटत नाही.

भारत व जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचाही करार आहे. आज लागू असलेला करार २०११ साली झाला व १ मे २०१७ पासून अमलात आहे. त्याचा नियमही तोच : ज्या देशात काम, त्या देशाची वर्गणी. मात्र कंपनीने स्वतः आपल्या कर्मचाऱ्याला ठराविक मुदतीसाठी तेथे पाठविले असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र दाखवून ४८ महिन्यांपर्यंत भारतातच वर्गणी चालू ठेवता येते. आपल्या बाईला कंपनीने पाठविलेले नाही, ती संसारासाठी गेली आहे. सबब ही सवलत आपल्याला आहेच असे गृहीत धरू नये. पुण्यात पी.एफ. कापला जात आहे, म्हणून जर्मनीतील वर्गणी चुकत नाही.

वर्गणी हे ओझे आहे, पण ती मिळकतही आहे. जर्मन निवृत्तिवेतनाचा हक्क साधारणपणे पाच वर्षांच्या वर्गणीनंतर मिळतो आणि वरील करारामुळे त्या पाच वर्षांत भारतातील सेवाकालही धरता येतो. बाळाच्या जन्मानंतर तेथे पालक भत्ता मिळतो. मूळ भत्ता दरमहा कमीत कमी ३०० व जास्तीत जास्त १,८०० युरो असून तो आधीच्या उत्पन्नावर ठरतो. जे उत्पन्न जर्मनीत करासाठी दाखविलेच नाही, ते या हिशेबात येत नाही. म्हणजे जिने पगार लपविला, तिच्या वाट्याला ३०० युरो येतात.

आरोग्य विम्याचेही असेच आहे. पती सरकारी आरोग्य विम्यात असेल तर उत्पन्न नसलेल्या पत्नीला त्याच वर्गणीत फुकट सामावून घेतात. परंतु तिचे मासिक उत्पन्न ठराविक मर्यादेपलीकडे गेले की ही सवलत जाते. २०२५ साली ही मर्यादा सर्वसाधारणपणे ५३५ युरो होती. पुण्याचा पगार चालू असताना विमा संस्थेला 'उत्पन्न नाही' असे लिहून देणे म्हणजे खोटे निवेदन होय.

चौथा प्रश्न : कंपनीला हे झेपेल काय?

"लॅपटॉप घेऊन जा" हे तोंडी सांगणे सोपे आहे. ते सांगणाऱ्या साहेबाला या जबाबदाऱ्यांची कल्पना असतेच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून लेखी संमती घ्यावी आणि पुढील तीन वाटांपैकी कोणती वाट कंपनी स्वीकारते, ते स्पष्ट करून घ्यावे.

पहिली वाट, कंपनीने जर्मनीत मालक म्हणून नोंदणी करणे. तेथील रोजगार खात्याकडून क्रमांक घेऊन ती परदेशातूनही वर्गण्या भरू शकते. सर्वांत सरळ वाट हीच, पण खर्च व कागदपत्रे वाढतात म्हणून छोट्या कंपन्या तिला तयार होत नाहीत. शिवाय कर्मचारी तेथे बसून कंपनीच्या नावाने ग्राहकांशी करार करू लागला, तर कंपनीचेच कायम ठिकाण जर्मनीत आहे असे मानून तिच्या नफ्यावर तेथे कर बसण्याचा धोका असतो. कंपनीचे वकील कचरतात ते यामुळे.

दुसरी वाट, मध्यस्थ कंपनीची. अशी कंपनी तेथे कायदेशीर मालक होते, पगार, कर व विमा सांभाळते आणि पुण्याच्या कंपनीकडून खर्च व मोबदला घेते. अशा मध्यस्थाकडे कामगार पुरविण्याचा जर्मन परवाना आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

तिसरी वाट, नोकरी सोडून त्याच कंपनीचे काम स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करणे. परवाना त्याला आड येत नाही. काम सुरू केल्यापासून एका महिन्यात कर कार्यालयाला कळवावे लागते आणि आरोग्य विम्याचा सगळा भार स्वतःवर येतो. परंतु नाव व्यावसायिक आणि वागणूक नोकराची, म्हणजे तेच साहेब, तीच हजेरी, एकच ग्राहक, असे असेल तर तेथील निवृत्तिवेतन संस्था त्याला दिखाऊ व्यवसाय ठरवून मागील वर्गणी मागू शकते. शंका असेल तर आपला दर्जा ठरवून देण्याचा अर्ज त्याच संस्थेकडे आधी करता येतो. तो करणे शहाणपणाचे आहे.

या तिन्ही वाटा बंद असतील, तर जर्मनीत दुसरी नोकरी शोधणे हा राजमार्ग उरतो. परवाना तिला पूर्ण मोकळीक देतो, हे विसरू नये.

बँकेची बाजू

आता आमच्या टेबलावरची गोष्ट. भारत सोडून अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला जाणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ अन्वये अनिवासी होते. तिने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवावयाचे नसते, बँकेला कळवून ते एन.आर.ओ. खात्यात बदलून घ्यावयाचे असते. भारतात मिळणारा पगार, घरभाडे, व्याज हे या खात्यात जमा होऊ शकते. परदेशात कमावलेले पैसे भारतात ठेवण्यासाठी एन.आर.ई. खाते असते आणि त्यातील रक्कम केव्हाही परत नेता येते. एन.आर.ओ. खात्यातील व्याजावर बँक जास्त दराने कर कापते, हे पाहून चकित होऊ नये. पी.पी.एफ. खाते अनिवासी व्यक्तीला नव्याने उघडता येत नाही, जुने असेल तर मुदत संपेपर्यंत चालविता येते. खाते बदलले तरी कर्जाचा हप्ता त्यातून जाऊ शकतो, फक्त वसुलीचा आदेश नव्याने द्यावा. मोबाइल क्रमांक व पत्ता जाण्यापूर्वीच बदलून घ्यावा. तेथे गेल्यावर ओ.टी.पी. न आल्यामुळे होणारे हाल आम्ही रोज पाहतो.

सगळे देश जर्मनीसारखे नाहीत

येथवर जर्मनीची गोष्ट झाली. आपले विद्यार्थी इतर देशांतही जातात आणि तेथे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर वेगळे येऊ शकते. अमेरिकेत एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला एच-४ दर्जा मिळतो. त्यावर आपोआप काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही ठराविक एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना मागता येतो. त्यासाठी मुख्यतः पती किंवा पत्नीची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोहोचलेली असावी लागते. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ दर्जावर तर नोकरी करताच येत नाही. पगार भारतात मिळतो, म्हणून अमेरिकेत बसून काम केले तर चालते, हा समज घातक आहे. काम तेथील भूमीवर होत आहे, हेच सूत्र येथेही आडवे येते.

जपानमध्ये जोडीदाराला वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला सर्वसाधारणपणे २८ तासांपर्यंतच काम करता येते. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून जोडीदाराच्या पासवर नोकरी करावयाची तर सर्वसाधारणपणे स्वतंत्र कामाचा पास लागतो. इंग्लंडमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला जवळजवळ सर्व प्रकारचे काम करता येते. मात्र विद्यार्थ्यांच्या बाबतीत, १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना जोडीदार सोबत नेण्यावरच बंधने आली आहेत. संशोधनाची पदवी आणि सरकारी शिष्यवृत्तीवरील अभ्यासक्रम यांना त्यात सूट आहे. आपली शिष्यवृत्ती त्या सुटीत बसते का, हे शिष्यवृत्तीधारकांनी अर्जापूर्वीच तपासावे.

"पण पाहतो कोण?"

असा प्रश्न हमखास विचारला जातो. घरात बसून लॅपटॉपवर केलेले काम कोणाला दिसते? पहिली दोन-तीन वर्षे कदाचित कोणी विचारणारही नाही. परंतु परवान्याचे नूतनीकरण, कायम रहिवासाचा अर्ज, पालक भत्ता, घरासाठी कर्ज या प्रत्येक ठिकाणी उत्पन्नाचे कागद मागतात. बुडालेली विमा वर्गणी जर्मनीत साधारणपणे चार वर्षांपर्यंत मागता येते आणि ती जाणूनबुजून बुडविली असेल तर ३० वर्षांपर्यंत. म्हणजे आज वाचविलेला पैसा उद्याच्या कर्जासारखा डोक्यावर राहतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की सोबतीचा परवाना हा सोबतीवर टिकून असतो. संसार मोडला, तर जर्मनीत साधारणपणे तीन वर्षे तेथे एकत्र राहिलेल्या जोडीदारालाच स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मिळतो. छळासारख्या असह्य परिस्थितीत ही अट शिथिल होते. अशा प्रसंगी, किंवा जोडीदाराच्या निधनानंतर, परक्या देशात एकट्या बाईपाशी काय असते? तिच्या नावाचा कर क्रमांक, तिच्या नावाची वर्गणी, तिच्या नावाच्या पगारपत्रिका. लपवून केलेली नोकरी त्या दिवशी काहीच उपयोगाची नसते, कारण कागदावर तिने कधी काम केलेलेच नसते.

निघण्यापूर्वी

तेव्हा परदेशी निघालेल्या प्रत्येक जोडप्याने पुढील गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : परवान्यावर कामाविषयी नेमके काय लिहिले आहे, कंपनीची लेखी संमती आहे काय आणि ती तीनपैकी कोणत्या वाटेची आहे, कर कोणत्या देशात व कोणी भरावयाचा, आरोग्य विमा व निवृत्तिवेतनाची वर्गणी कोण भरणार, बँकेत खात्याचा दर्जा बदलला काय, आणि पगारपत्रिका, करार, कराच्या पावत्या यांची फाईल कोणाच्या नावाने ठेवली आहे. नियम व मर्यादेचे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून जाण्याच्या वेळी त्या देशाच्या सरकारी कार्यालयाकडून ते पुन्हा पाहून घ्यावेत.

परदेशी जाणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना आमचे एक सांगणे आहे. "सून तर घरीच बसणार आहे, तिला कशाला कागदपत्रे?" असे म्हणू नका. आणि मुलींनो, तुम्ही पदवी मिळविली, नोकरी मिळविली, त्यामागे तुमच्या आईवडिलांचे कष्ट आहेत. नवऱ्याबरोबर जरूर जा, पण स्वतःची नोकरी पिशवीत दडवून नेऊ नका, ती कागदावर नोंदवून न्या. नोंद झालेली कमाई थोडी कमी हाती पडेल, परंतु ती तुमच्या नावाची असेल.